पाठीचं माप

४ जून

प्रिय वन्सं,

अक्षर बघून घाबरू नका, माझंच आहे. उताणी पडून लिहितेय. पोटावर कॉलरचा पुठ्ठा ठेवलाय, त्यावर कागद. पेनचं टोक छताकडे केलं की शाई उतरत नाही, म्हणून दुकानातली पेन्सिल मागवून घेतली.

यांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल, "पडली जरा, बरी आहे." तुमच्या दादांचं हे असं. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली, तिथे केसाइतका फरक चालायचा नाही, पण माणसाबद्दल बोलायची वेळ आली की "जरा" आणि "बरी". फोन बैठकीत आहे. वायर ओढून खाटेपर्यंत आणला तरी हे शेजारी उभे राहतात, मग मलाही बरंय बरंयच म्हणावं लागतं. पत्राचं तसं नाही. काजवाली दुकान बंद करून जाताना पेटीत टाकते. काजवाली तुम्हाला आठवत असेल, काज-बटणं करणारी माझी बाई. एकोणीस वर्षं झाली तिला माझ्याकडे. आता खाली दुकान तीच बघते.

झालं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी कटिंग टेबलाशी स्टुलावर बसायला गेले. स्टूल थोडं सरकलं नि मी फरशीवर बसले. पडले असंही म्हणता येणार नाही, लहान मूल मटकन बसतं तशी बसले. काजवाली हसलीसुद्धा. मीही हसले असते, पण उठताच येईना. कंबरेच्या पिंजऱ्याचं हाड पुढून दोन ठिकाणी तडकलंय. त्याला ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही. आपलंआपण सांधतं म्हणे. गोळ्या घ्या आणि लवकर चालायला लागा. चालायला लागा म्हणे! कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते.

पण खरी गंमत पुढे आहे. एक्स-रेच्या फोटोत पाठही आली. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या नि म्हणाल्या, "आजी, मणके कधी मोडले तुमचे?" तीन मणके, वन्सं. जुने मोडलेले. खोक्यावर कोणी बसावं नि ते एका बाजूने चेपावं, तसे दिसतात. दीड वर्षं मी पाठ पाठ करत होते ते हे. हाडं आतून पोकळ झालीत, जाळी राहिलीय नुसती.

मला तर कळायला हवं होतं. मागच्या वर्षी स्वतःचा गाऊन शिवला तर पुढून जमिनीला लागतोय, मागून वर चढलाय. कापड आटलं म्हणून मी कापडवाल्याशी तासभर भांडले. काल काजवालीकडून टेप मागवला आणि तिलाच पाठीचं माप घ्यायला लावलं, मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत. जुन्या मापापेक्षा पावणेदोन इंच कमी. कापड कुठलं आटतंय, मीच आटले होते.

तुम्ही कधी येताय? दोन वेण्यांतली दहा वर्षांची नणंद मला दारात अडवून "शिवता येतं का?" विचारत होती, तेव्हापासून तुम्हाला गमतीत वन्सं म्हणते. आता तुम्ही हेडबाई झालात, शाळा तुमच्या नावाने कापते. पण माझ्यासाठी रजा मिळेल ना?

तुमची
वहिनी


१५ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी रडले, मग हसले. गाऊन आटला म्हणून भांडणारी बाई काही खचणारी नव्हे, एवढं मला कळलं.

आता ऐक. आमच्या शाळेच्या खेळाच्या बाईंची आई, वय चौऱ्याहत्तर, तिचंही हेच हाड मोडलं होतं. तीन महिन्यांत बाजारात जायला लागली. का? तर तिने मनावर घेतलं. डॉक्टर सांगतील तो व्यायाम रोज, न चुकता. दूध, अंडी, खिडकीतलं ऊन. सोबत एक कागद जोडलाय, त्यावर मी वेळापत्रक आखून दिलंय. सकाळी सात ते रात्री नऊ. खाटेसमोर लाव. हसू नकोस.

आणि "हाडं पोकळ झाली" असले शब्द घोळवत बसू नकोस. तुला थोडी सवय आहे, बारीकसारीक लावून घ्यायची. दादाकडे बघ, तो किती शांतपणे करतोय. त्याचं कौतुक वाटलं मला. फोनवर म्हणाला, अंघोळही तोच घालतो.

दहावीचा निकाल लागला की महिनाअखेर येतेच.

तुझी
हेडबाई


६ जुलै

प्रिय वन्सं,

महिनाअखेर होऊन गेली. असो. निकाल लागला असेलच, कोणी ना कोणी नापास झालं असेल.

तुमचं वेळापत्रक यांनी खाटेसमोर लावलं. त्यात "दु. ३ ते ३.३० : प्रसन्न राहणे" असं लिहिलंय. तीन वाजले की हे दारात येऊन विचारतात, "सुरू केलंस का?" त्यावरून आम्ही दोघं रोज हसतो, तेव्हा ते वाया गेलं नाही.

व्यायामवाली बाई येते, आठवड्यातून तीनदा. लहान चणीची आहे पण आवाज पोलिसाचा. वॉकर आणलाय. पहिल्या दिवशी नुसती उभी राहिले नि घाम फुटला. आता खाटेपासून खिडकीपर्यंत जाते, अकरा पावलं. खिडकीतून समोरच्या छापखान्याचा पत्रा नि त्यावर वाळत घातलेले कुणाचे तरी मोजे दिसतात. ते बघायला मी अकरा पावलं घाम गाळते. वाकायचं नाही, पिळायचं नाही, उचलायचं नाही. शिंपिणीला वाकू नको म्हणणं म्हणजे काय ते बघा. कापड बेतायचं कसं?

तुमच्या दादांबद्दल खरंच सांगते. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, या माणसाने माझे केस कधी विंचरले नव्हते. आता विंचरतात. लेथवरच्या मापाने मधोमध भांग. न्हाणीत स्टुलावर बसवतात, पाणी घालतात, टॉवेलने टिपतात, आणि एवढा वेळ बडबडतात. मला ठाऊकच नव्हतं, यांच्याकडे इतकं बोलणं होतं.

जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये खाली दुकानात उतरायचं असं मी ठरवलंय. व्यायामवाली "बघू" म्हणाली. ती कधीच "बघू" म्हणत नाही, एरवी "नाही"च म्हणते. शाळांचे गणवेश शिवायला आलेत, काजवाली एकटी पुरी पडत नाही. निदान खुर्चीत बसून खडूच्या खुणा तरी करून देईन.

तुमची
वहिनी


२१ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दीड महिना पत्र नाही. दादाला फोन केला तर म्हणतो, "पुन्हा पडली, बरी आहे." कशी पडली, कुठे पडली, काही नाही. तुला दे म्हटलं तर झोपलीय म्हणाला. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू झोपलेलीस.

काय झालंय? चार ओळी लिही.

तुझी
हेडबाई


३० ऑगस्ट

प्रिय वन्सं,

चारच ओळी लिहिणार होते, पण तुम्हाला पुरायच्या नाहीत.

तीन तारखेला पडले. खाटेवरून उतरताना. कंबरेच्या वरचा आणखी एक मणका गेला. आता चार झाले. सगळं पहिल्यापासून. आधी दुखायचं त्याला मी दुखणं म्हणत होते, ते चुकीचं होतं. आता श्वास घेतला तरी पाठीत सुरी फिरते. मोठ्याने बोलता येत नाही. फोनवर झोपलेली होते ते खोटं, बोलवत नव्हतं.

वॉकर भिंतीला लावून ठेवलाय. त्यावर टॉवेल वाळतात.

आणखी एक सांगते. सांगायचं नव्हतं, पण दुसरं कोण आहे मला? तुमचे दादा कंटाळले. आता माझं करायला सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवलीय. धडधाकट आहे, बरी आहे, पण परकी आहे. हे अंगाला हात लावत नाहीत. चहाचा कप देतात तो हात लांब करून, माझी बोटं कपाला लागली की झटकन सोडतात. परवा सांडला. केस ती बाई विंचरते. हे बैठकीत झोपतात. न्हाणीच्या दारात उभे राहून आमच्याकडे पाठ करतात. न्हाणीत बडबडायचे, ते सगळं बंद.

मी त्यांना दोष देत नाही. अडुसष्टाव्या वर्षी बायको म्हणून हे असलं गाठोडं पदरात पडलं तर कोण कंटाळणार नाही? फक्त त्यांनी सरळ तोंडावर म्हणायला हवं होतं.

वेळापत्रक मी काढून टाकायला सांगितलं. रागावू नका.

तुमची
वहिनी


७ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

माझं डोकं फिरलंय. चार महिन्यांत दमला? तू त्याच्या आईचं सात वर्षं केलंस, माझ्या आईचं, आणि कधी कप लांबून दिला नाहीस.

आजच त्याला वेगळं पत्र टाकलंय. चांगलं खरमरीत लिहिलंय. धाकटी असले म्हणून काय झालं, कोणीतरी बोलायलाच हवं.

तू जेव. औषध घे.

तुझी
हेडबाई


१२ सप्टेंबर

वन्सं,

यांना पत्र पाठवलं असेल तर काहीतरी करून थांबवा. पोचलं असेल तर फोन करून सांगा की रागाच्या भरात लिहिलं, फाडून टाक.

मी पडले नव्हते.

त्या दिवशी सकाळी मी जिन्याच्या दारापर्यंत जाऊन आले होते. बत्तीस पावलं. वरून दुकानाचा पत्रा दिसला. काजवालीला हाक मारली, ती टेप गळ्यात तशीच वर धावत आली नि टाळ्या वाजवायला लागली. हे इतके खूश झाले की काय सांगू. अंघोळ झाल्यावर मला स्टुलावरून उठायचं होतं. व्यायामवालीने शंभरदा सांगितलंय, उचलायचं नाही, तिचं तिला उठू द्यायचं, आपण नुसतं शेजारी राहायचं. पण यांचा आनंद मावत नव्हता. म्हणाले, "चल, आज खालपर्यंत उचलूनच नेतो तुला," आणि काखेत हात घालून सरळ वर घेतलं. थट्टाच होती. मीही हसतच होते.

पाठीत काडी मोडल्यासारखं झालं. बाहेर ऐकू गेलं नसेल, मला आतून आलं.

यांनी खाली ठेवलं, विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाय घसरला." डॉक्टरीणबाईंना खाटेवरून उतरताना पडले म्हणून सांगितलं. यांना कळता कामा नये. ज्या हातांनी आयुष्यभर एक तुकडा वाया घालवला नाही, त्या हातांनी बायकोची पाठ मोडली हे कळलं तर हा माणूस जगायचा नाही.

ते कंटाळलेत तर कंटाळू देत. ते मला चालेल. हे नाही चालणार.

पत्र जाळा.

वहिनी


१५ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे, शिव्यासुद्धा. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे एकदाच लिहितो.

मी कंटाळलेलो नाही.

तीन तारखेला न्हाणीत मी तिला उचललं. तेव्हा आवाज झाला. मी ऐकला. लेथवर काम केलेल्या माणसाला काही तुटलं की कानाआधी हाताला कळतं. माझ्या दोन्ही हातांना कळलं.

ती म्हणाली, पाय घसरला. पाय जमिनीला लागलेच नव्हते, बारके. मी धरलेली होती.

डॉक्टरांपुढे मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, खाटेवरून पडले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसलो. मला वाचवायला ती दुखण्यात खोटं बोलली, ते मी मोडायचं कसं? आणि आता रोज त्या दिवसापेक्षा जास्त उशीर झालेला असतो.

हात लावायचा प्रयत्न केला. केस विंचरायला गेलो. कंगवा डोक्याला टेकला की हातात तो आवाज येतो. म्हणून बाई ठेवली.

मी नळीचे कठडे करतोय. खाटेच्या दोन्ही बाजूंना, मग भिंतीला, न्हाणीपर्यंत. म्हणजे तिला कोणाच्या हाताची गरज लागायला नको. कारखान्यातल्या एकाकडून नळ्या मिळाल्या.

तिला यातलं काही कळवू नकोस. तुला आईची शपथ.

दादा


२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पंधरा दिवस तुम्हा दोघांची पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलेय. तुझं जाळलं नाही. शाळेत मुलींच्या भांडणात मी दोघींना समोरासमोर उभं करते, पाच मिनिटांत निकाल लागतो. इथे ते जमेना. तू म्हणतेस त्याला सांगू नको, तो म्हणतो तिला सांगू नको. दोघं एकाच घरात, मधे एक भिंत. आणि मला माहीत आहे की तुम्हा दोघांनाही माहीत आहे.

मी शपथ मोडतेय. दादाचं पत्र सोबत घातलंय. वाच. तो कंटाळलेला नाही, एवढं तरी तुला कळायलाच हवं.

आणि आता माझं. हे तुला सांगावं लागेल म्हणून मी जूनपासून येत नव्हते. निकाल, तपासणी, रजा, सगळ्या सबबी. तुझ्या खाटेजवळ उभं राहायची हिंमत नव्हती. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी दादाने मला फोनवर विचारलं होतं, "हिची पाठ फार दुखते, मोठ्या डॉक्टरला दाखवू का?" मी लिहिलं, "वहिनीला कुरकुरायची सवय आहे. वयाप्रमाणे दुखतंच. मलम लाव." लिहिताना मी हसत होते बहुतेक. त्याने माझं ऐकलं. तेव्हा एकच मणका गेला असेल. औषध सुरू झालं असतं तर बाकीचे राहिले असते, कदाचित कंबरही. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. त्यांच्या तोंडावरून मला नक्की कळलं.

तू मला काहीही लिही. किंवा लिहू नकोस.

तुझी
नणंद


२० ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

आधी तुमचं. ते कुरकुरीचं पत्र मी तेव्हाच वाचलं होतं. यांच्या कपाटात बटणांचा डबा शोधत होते, त्यात सापडलं. राग आला, दोन दिवस जेवले नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही दुरून लिहिलंत, तुम्हाला काय दिसणार? यांना जवळून पटलं, ते जास्त लागलं. पण मलाही पटलंच होतं ना. मीच मलम लावून घेत होते. तुम्ही म्हणता तेवढा मोठा दोष एकट्या तुमच्या वाट्याला यायचा नाही. तिघांनी वाटून घ्यावा लागेल.

यांचं पत्र वाचलं. तीनदा वाचलं. मग यांना हाक मारली.

हे बैठकीत कठड्याची नळी घासत होते. आले, दारात उभे राहिले. पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. काढून दाखवायचं असं ठरवलं होतं. पण आधी विचारलं, "त्या दिवशी न्हाणीत तुम्ही काही ऐकलंत का?"

"कधी?"

"तीन तारखेला. मला उठवलंत तेव्हा."

हे हातातल्या कागदाकडे बघत राहिले, तो घासायचा खरखरीत कागद असतो ना. मग म्हणाले, "नळ चालू होता. काही ऐकू आलं नाही."

नळ बंद होता, वन्सं. मला उचलायच्या आधी यांनी स्वतः घट्ट केला होता, गळतो म्हणून.

तेव्हा मी यांचं तोंड बघितलं. माणूस कड्यावर उभा असतो आणि खाली बघू नको म्हणून आपल्याला डोळ्यांनी विनवतो, तसं होतं. तुम्हाला जे कागदावर लिहिलं ते यांना माझ्यापुढे बोलता येत नव्हतं. मी पत्र काढलं असतं तर यांना उभं राहायला घरात जागा उरली नसती.

मी म्हटलं, "हो, नळ चालू होता."

"मग?"

"मग काही नाही. नळी पुसून घ्या, लोखंडाचा चुरा पडतोय."

गेले.

तुम्ही बरं व्हावं म्हणून केलंत. माझं एवढंच झालं की आधी वाटायचं, हा माणूस मला टाळतोय. आता माहीत आहे, का टाळतोय. आधीचं बरं होतं. त्याच्यावर रागावता तरी येत होतं.

रजा मिळाली तर या. आता हिंमतीची गरज नाही.

तुमची
वहिनी


१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

डिसेंबरात तुम्ही चार दिवस येऊन गेलात, त्यानंतर आज पेन्सिल धरतेय. तुम्ही जाताना जिन्यात थांबून रडलात ते मला ऐकू आलं. रडू नका असं म्हणणार नाही. तुम्ही बघितलंतच सगळं, तेव्हा लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

नोव्हेंबरात खोकल्याने गेला तो पाचवा मणका. नुसत्या खोकल्याने! काजवाली म्हणाली, "ताई, आता तुम्ही शिंकूसुद्धा नका," आणि मग आम्ही दोघी हसायला घाबरलो. बरगड्या कंबरेच्या हाडाला टेकल्यात. पोटाला जागा नाही, दोन घास खाल्ले की भरतं. उभी राहिले की मला माणसांचे पाय दिसतात, चेहरे नाहीत. कोण आलं ते चपलांवरून ओळखते.

डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांचं इंजेक्शन दिलं. मी विचारलं, याने पाठ सरळ होईल का? चांगली बाई आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, "जी हाडं शिल्लक आहेत त्यांच्यासाठी आहे हे." व्यायामवाली आता पंधरवड्यातून एकदा येते. जिन्याचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. खिडकीपर्यंत जाते, कधी जाते, कधी नाही.

दुकान काजवालीच्या नावाने केलं. पाटी मात्र तिने बदलू दिली नाही. दुपारी तिचं मशीन खालून ऐकू येतं. टाका कुठे चुकला तेही मला वरून कळतं. सांगत नाही.

तुमच्या दादांचे कठडे पुरे झाले. तुम्ही होतात तेव्हा न्हाणीचा राहिला होता, तोही झाला. घराची बस झालीय. जिथे बघावं तिथे धरायला नळी, त्यावर कापड गुंडाळलेलं, टोकं गोल घासलेली, कुठे बोट अडकेल अशी कड नाही. एवढं चांगलं काम यांनी कारखान्यातही केलं नसेल. मी खाटेवरून न्हाणीपर्यंत जाते नि कोणाचा हात लागत नाही.

मंगळवारी सकाळी बाई आली नव्हती. मी एकटीच निघाले. हे दारात उभे होते, मी उठले की असतातच. न्हाणीच्या वळणावर एक कठडा संपतो नि दुसरा सुरू होतो, तिथे माझा हात चुकला. पुढची नळी सापडेना. मला वर बघता येत नाही, नुसतं चाचपडत होते. तोल जायला लागला.

यांचे पाय धावत आले ते दिसले. मग हात दिसले. माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे आले, काखेच्या खाली, आणि वीतभर अंतरावर थांबले. मी वाट बघितली, वन्सं. खरंच बघितली. एक श्वास, दुसरा श्वास. हात तिथेच.

मग मला नळी सापडली. धरली, उभी राहिले. पडले नाही. पण पडले असते तरी ते हात तिथेच राहिले असते. ते मला कळलं, आणि यांनाही कळलं.

यांनी हात मागे घेतले, पँटला पुसले. कोरडेच होते.

मग म्हणाले, "इथे मधे अंतर राहिलंय. जोडायला हवं."

मी म्हटलं, "हो, जोडा."

दुपारपर्यंत यांनी जोडलं.

तुमची
वहिनी